डावी बाजू

सक्करदऱ्याला माझा स्टुडिओ, दहा बाय बारा.
लग्न, मुंज, बारसं, पासपोर्ट फोटो अर्ध्या तासात.
एका दुपारी सुगंधा धकाते आल्या,
मेडिकलमध्ये आया, रात्रपाळी,
म्हणाल्या, भाऊ, डेमो रील बनवून देता का?
मी विचारलं, लग्न कोणाचं आहे?

हसल्या नाहीत.
पर्समधून चार घड्यांचा कागद काढला :
नाव, उंची, समोरून, डावीकडून, उजवीकडून,
एक प्रसंग रागाचा, एक दुःखाचा,
सगळं मिळून दोन मिनिटांच्या आत.

क्लास तीन करून झाले होते.
धरमपेठेतल्या एसीत चाळीस हजार सांगितले,
मुंबईतल्या ओळखी तोंडी होत्या, पावती कशाचीच नव्हती.
नंदनवनच्या हॉलमध्ये महिनाभर नुसता नाच,
पोरंपोरी वीस-एकवीसची,
भिंतभर आरशात आंटी एकच.
तिसरे रेशीमबागेचे लांजेवार मास्तर.
झाडीपट्टीत सत्तावीस हंगाम खलनायक,
वडशापलीकडच्या धानाच्या बांध्यांत
रात्ररात्र शिव्या खाल्लेला माणूस.
आता गच्चीवर शिकवतात, पाण्याच्या टाकीजवळ.
फी काय? येताना भाजी आण.
आणि आवाज शेवटच्या चटईपर्यंत गेला पाहिजे, बाई.

गेला.
माझ्या स्टुडिओत पहिल्याच वाक्याला
शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला, काय झालं म्हणून.

मी म्हटलं, ताई, माईक इथे आहे, गळ्याशी.
मागे चटई नाही. मागे पडदा आहे,
पडद्यावर काश्मीर.

मे महिना. पंखा, कूलर सगळं बंद,
नाहीतर आवाजात घरघर येते.
राग झाला. बरा झाला. घामानं मदत केली.
मग दुःख.
मी ग्लिसरीनची बाटली काढली.
बिदाईला ठेवतो, काही नवऱ्यांना लागते,
नवरीच्या बापांना कधी लागत नाही.
बाईंनी ती टेबलावरच मागे सरकवली.

"असं नाही रडत कोणी, भाऊ.
म्या पाह्यलं ना, रोज पाहतो आम्ही.
डॉक्टर सांगते, गेले.
बाई रडत नाही. बाई पहिले डब्बा आवरते.
झाकण कुठं ठेवलं, मले इचारते."

डबा त्यांचाच, स्टीलचा, ड्यूटीचा.
आट्यांचं झाकण फिरवलं. तिरपं बसलं.
काढलं. पुन्हा फिरवलं.
पुन्हा तिरपं.
समोर कोणीतरी उभं असावं तशी मान वर केली,
काही विचारायचं होतं, ते विचारलं नाही,
पदरानं डब्याचा बुड पुसला,
आणि तिसऱ्यांदा झाकण.

कट म्हणायचं ते मी म्हणालो की नाही, आठवत नाही.
आट्यांची कर्रकर्र मात्र रेकॉर्ड झालीय,
एवढी साफ, की कूलर बंद ठेवल्याचं सार्थक झालं.

रात्री एडिटिंगला बसलो.
आठशे लग्नांना मी संगीत लावलंय.
सनई लावून पाहिली. काढली.
बासरी लावली. लाज वाटली, काढली.
लांबी दोन मिनिटं दहा सेकंद.
दहा सेकंद कुठून कापू?
झाकणाला हात लावावासा वाटेना.
उजवी बाजू ठेवली, उंची ठेवली,
डावी बाजू कापली.
कोण बघतंय, म्हटलं.

सातशे रुपये दोन हप्त्यांत दिले त्यांनी.
रील बारा ठिकाणी पाठवली.
अकरा ठिकाणांहून काही नाही.
एकीकडून दोन ओळी आल्या,
डावी बाजू दिसत नाही, कृपया पुन्हा पाठवा.

सकाळी आठला आल्या, पाळी संपवून,
पावडरीखाली रात्र तशीच.
म्हणाल्या, राहिलेली बाजू घेऊन टाका.
स्टुलावर बसल्या, वळल्या काश्मीरकडे तोंड करून,
आणि तशाच बसून राहिल्या, डोळे मिटत, उघडत.

डाव्या बाजूला आवाज लागत नाही.
कूलर मी चालू ठेवला,
आणि पाच सेकंदांचं काम
बराच वेळ घेत राहिलो.