अर्धी बालदी

समुद्राकडच्या भिंतीला लावू नका, सांगितलं होतं मी.
पण बाकी तिन्ही अंगांना माड,
झावळ पडली की पत्रा चेपतो,
म्हणून आठ वर्षं हे यंत्र
आचऱ्याच्या खाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून.
स्क्रू फिरत नाही, नुसतं डोकं सुटून हातात येतं.
जाळीला बोट लावलं की फिन्स
करपलेल्या पापडासारख्या चुरतात.
कार्डावर एक पाल, चिकटून वाळलेली.
रिलेत मुंग्या.
शिडी धरून बस्त्याव खालून म्हणतो,
"टाक भंगारात. किलोवर जातला."

तक्रार मिठबावकर काकींची नव्हतीच,
शेजाऱ्यांची होती: रात्रभर खडखडतो.

भाऊ बर्फाच्या फॅक्टरीत लिखापढीला होते.
एकतीस वर्षं लाद्या मोजल्या,
ट्रॉलरवाल्यांच्या उधाऱ्या मांडल्या,
आणि घरी येऊन बनियन पिळलं.
दम लागायला लागला तेव्हा कुठे
हा दीड टनी, हप्त्यावर.

काकींनी मला गॅलरीत नेलं.
निळी बादली, तिच्यात सोडलेला पाईप,
मध्यावर शेवाळाची रेघ.
"ह्ये होते तेव्हा सकाळपर्यंत भरान जाय.
गेल्या वर्षापासून बघ, अर्धीच.
माणूस कमी झालो मा.
एकाच्याच श्वासाचां पाणी."
अळवाला घालतात ते. तुळशीला नाही.
उष्टां तां, म्हणाल्या.

मी पुन्हा शिडी चढलो. गेज लावला.
काटा तिसावर.
नटाभोवती साबणाचा फेस फासला
आणि थांबलो.
एक बुडबुडा आला. फुगला. फुटला.
मग दुसरा.

म्हणजे वर्षभर गॅस इथून चालला होता,
कॉइल हवी तेवढी गार होत नव्हती,
हवेतलं पाणी हवेतच राहत होतं,
तीच बुरशी कपाटातल्या त्यांच्या सदऱ्यांवर,
तीच ओल फोटोमागच्या भिंतीत.
बादली अर्धी राहते ती एवढ्यासाठी.
साधं वाक्य आहे.
सीझनला दिवसाकाठी सहा घरी बोलतो मी हे.
त्या दिवशी मात्र
पाना तोंडात धरावा तसं
दातांत धरून उभा राहिलो.

"काय रे, लीक?" बस्त्यावने विचारलं.
"बघतंय," म्हटलं.

बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.
नळीचं तोंड कापून नव्यानं फुलवलं,
नट बदलला, व्हॅक्यूम ओढला, गॅस भरला.
काटा पासष्टावर येऊन थांबला.
ब्लोअर धुतला तर काळं पाणी,
अर्धा तास काळंच.
खडखड बुशांची होती, दहा मिनिटांत गेली.
काकींना म्हटलं, पुढच्या मेपर्यंत ओढेल,
मग नवीनच घ्या, आणि ह्या भिंतीला नको.
त्या पैसे मोजत होत्या, दोनदा मोजले,
वर आगळाची बाटली दिली.
वाक्य तोंडातच होतं.
गाडीला किक मारताना गिळलं.

दुसऱ्या दिवशी, सहा वाजून दहा मिनिटं.
"भरली रे."
मग बराच वेळ फोनमध्ये नुसता समुद्र.
"काठोकाठ भरली.
गॅलरीतसून सांडला."

"काकी, तां काय झालां म्हायत आसा, तो गॅस..."

"तू चाय घेतलंस?" त्यांनी विचारलं.
"नाय अजून."
"घे मगे."

फोन ठेवला नव्हता.
तांब्या बुडाल्याचा आवाज आला,
परत एकदा आला,
कुठे ओतला ते काही कळलं नाही.

"अळवाक इतक्या घातलां तर कुजतला,"
त्या स्वतःशीच म्हणाल्या,
"दुसरी बालदी होयी आता."

मी हो म्हटलं.