उलटी सात पावलं

लिफ्टमध्ये ती मावली नाही.
तिरकी करून पाहिली, उभी करून पाहिली,
शेवटी आम्ही दोघांनी जिन्यानं नेली,
शेफिल्डच्या म्युझियमच्या तळघरातून वर,
प्रत्येक वळणावर "जपून, डोकं आधी" म्हणत,
जसं माणसाला नेतात.

नोंदवहीत एकच ओळ:
जपान. अवाढव्य तलवार. बहुधा शोभेची.
मी टेप लावली. नुसतं पातं सव्वातीन हात.
वजन चार किलोंच्या आतच,
पण ते काट्याचं म्हणणं. मनगटाला विचारा.

शोभेची म्हणावी, तर धारेवर तीन टवके,
एक तर अर्ध्या तांदळाएवढा.
"घोड्याच्या पायाचं हाड असेल," मी म्हटलं.
"स्वाराच्या वाटेला जायचंच नाही,
वाकायचं, आणि उभ्या पिकात विळा फिरवावा तसं..."
पुढचं बोलले नाही.

म्हातारा ऑलरेनशॉ हयातभर सुऱ्यांना धार लावत आलेला,
चाकावर ओणवा. फुप्फुसात अजून दगडाची धूळ.
कोण मेलं, त्यानं विचारलं नाही.
हातमोज्यातलं बोट, न टेकवता,
पात्यावरून टोकापर्यंत नेलं.
"किती दिवस लागले असतील गं पोरी, हिला?
आणि मजुरी? नगावर की रोजावर?"
मला माहीत नव्हतं.

ती पुन्हा म्यानात गेली. फोटोसाठी पुन्हा काढायची.
एकट्यानं उपसायला कुणाचेच हात पुरत नाहीत.
मी मूठ धरली, त्यानं म्यान,
आणि तो मागे मागे सरकत गेला,
म्हातारी पावलं, वीतवीतभर,
सातव्या पावलाला टोक सुटलं.

रणातही असंच झालं असणार.
कुणी पोरगा, धन्याची तलवार खांद्यावरून वाहून आणलेला,
जमीन थरथरायला लागल्यावर
म्यान धरून मागे गेला असेल,
कदाचित घोड्यांकडेच पाठ करून.
मग धनी धावला पुढे.
पोराच्या हातात सव्वातीन हात पोकळी.
ढाल नाही, काठी नाही.
ते म्यान टाकायचं की सांभाळायचं,
हेही कुणी सांगितलेलं नाही.

दिव्याखाली मी पातं तोलत उभी.
हात भरून आले.
तिकडे ऑलरेनशॉ, रिकामं म्यान पोटाशी धरून,
कॅमेऱ्याकडे, माझ्याकडे, दाराकडे बघत:
"आता? मी कुठं उभं राहायचं?"