विंगेतला माणूस

बावीस हंगाम मी विंगेत बसून काढले.
मंडईच्या रात्री, मांडीवर संहिता, दातांत टॉर्च,
नटाचा श्वास अडला की अर्धं वाक्य
कुजबुजून त्याच्या पाठीत ढकलायचं.
राजा विसरला, मी राजा. विधवा विसरली, मी विधवा.
पोस्टरवर माझं नाव कधी आलं नाही,
आवाज मात्र तिसऱ्या रांगेपर्यंत जायचा,
असं बायको म्हणते.

म्हणून शाळेनं बोलावलं.
"पोरांनी वस्तू केल्यात, काका. चालतात.
पण चार माणसांत ठेवल्या की पोरं मुकी होतात."
म्हटलं, मॅडम, मला त्या संगणकातलं ओ का ठो कळत नाही.
कापगते मॅडम म्हणाल्या, तेच पाहिजे.

आचल हातवार, नववी.
हात पाठीमागे, नजर भिंतीवरच्या नकाशात.
"प्रकल्पाचे नाव. उद्देश. साहित्य. कृती. निष्कर्ष."
साकोलीची जलद गाडी आमच्या फाट्यावरून जाते, तशी गेली.
म्हटलं, आता मला सांग.
"सांगतलं नं."
कागदाला सांगितलंस.
ती अंगठ्यानं फरशी उकरत राहिली.
बाहेर खिचडीचं पातेलं घासून झालं, तेव्हा बोलली.
"माही माय रात्री चारदा उठते, काका.
बांधीतलं पानी पाहाले जाते.
मंग दिवसा दुसऱ्याच्या बांधीत रोवते, झोपेतच."
म्हटलं, इथून सुरू कर.
निष्कर्ष घरी राहू दे.

निकेश उईकेला तर इथूनही सापडेना.
त्यानं खेळ केलेला, मोहफुलं वेचायची, अस्वल येतं.
म्हटलं, बोलू नको, मला खेळव.
तीनदा अस्वलानं मला धरलं.
तो हसत सुटला, आणि हसता हसता सगळं ओकला:
अस्वलाला आधी वळताच येत नव्हतं,
चूक एका उलट्या चिन्हात होती,
ती सापडायला दोन रविवार गेले,
आणि आबा म्हणाला, खरं अस्वल असं सरळ येतच नाही.
मी फक्त हरत होतो.

शनिवारी, समाजमंदिरात, आचल पहिली.
परातीत पाणी, पाण्यात औषधाची रिकामी बाटली,
दोन तारा, आगपेटीएवढा बोर्ड,
त्यावर बारक्या दिव्यांचं हसरं तोंड.
"पानी उतरलं का हे रडते. अन् घरी घंटी वाजते."
लोट्यानं पाणी काढलं.
तोंड हसतच राहिलं.
आणखी एक लोटा.
हसतच.

अशी शांतता मी ओळखतो.
तिचं पुढचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं.
बावीस वर्षांची सवय, जीभ आपोआप उठते.
शेल्याचं टोक दातांत धरलं, जिथं टॉर्च धरायचो.

"थांबा," ती म्हणाली.
आमच्याकडे पाठ करून खाली बसली. अशी पाठ करायची नसते.
"काल चालत होतं. हे बाटली... अं... परातीले चिकटली असन.
बांधीत चिकटत नाई, तिथं चिखल रायते.
नाई, बाटली नाई. तार. पाहा, हे गंजली."
मागची माणसं उठून पुढं आली.
कोणी चाकू दिला. तिनं तार खरवडली.
तोंड रडलं.
घंटी इतकी कर्कश की कडेवरचं पोरगंही रडलं.

मग श्रावण लांजेवारनं विचारलं,
ज्याची बांधी हिच्या बांधीला लागून:
"अन् रात्री कोणी धुरा फोडून पानी नेलं तं?"
"तं तेही कळते, काका," आचल म्हणाली.
"टाइमासकट."

हसू कौलांपर्यंत गेलं.
श्रावण मान खाजवत राहिला.
तिची माय सगळ्यात मागं, खांबाला टेकून.
ती हसली नाही. झोपली होती.

घरी निघताना आचल आडवी आली, कसं झालं?
म्हटलं, सात वेळा "अं" म्हणालीस.
"काढून टाकू?"
पुढल्या शनिवारी निकेश आहे, त्याला पाच तरी दे.