खिडकी

शाळा सुटल्यावर आम्हा अकरा जणींना थांबवून घेतलं.
स्पिशच्या डोंगरांत चारलाच अंधारतं.
शिक्षकांच्या खोलीत कॉफी, कुणाच्या तरी वाढदिवसाचा उरलेला केक,
आणि आग्नेसा गिन्योवा.
कधीकाळी ती याच शाळेत मदतनीस होती,
मुलांची नाकं पुसायची, बंद बांधायची.
आता जिल्ह्याहून आली होती, आम्हाला शिकवायला.
मिलोता माझ्या कानाशी पुटपुटली,
"हेच राहिलं होतं."
मी हसले.
हे गाळून पुढचं सांगता येणार नाही.

समता, आदर असले शब्द येतील म्हणून
आम्ही वह्या उघडून बसलेल्या.
तिने एवढंच विचारलं,
"वर्गाची खिडकी तुम्ही कधी उघडता?"

कोणी म्हणालं, मधल्या सुट्टीत.
कोणी म्हणालं, डोकं चढलं की.
मी गप्प.
मी उघडते ती आठ वाजून वीस मिनिटांनी,
वस्तीवरची रोमा मुलं आत आली की.
मग जानेवारी असो, उणे बारा असो.
त्यांच्या कोटांना ओल्या लाकडाच्या धुराचा वास असतो.
तोंडातून वावगा शब्द कधी काढला नाही मी.
नुसती उठायचे, कडी काढायचे.
एकोणीस वर्षं.

"आमच्या बाईंच्या खिडकीची कडी पितळेची होती,"
आग्नेसा म्हणाली. "तिचा आवाज
मी झोपेतही ओळखेन."

मग तिने कोरे कागद वाटले.
वर्ग काढा, बाकं काढा, बाकावर नाव,
आणि ते नाव आज किती वेळा घेतलंत, कशासाठी.
मागच्या रांगेत देझिदेर.
त्याच्यापुढे माझ्या चार रेघा:
गप्प. गप्प. पाय खाली. गप्प.

दुसऱ्या दिवशी खिडकीला हात लावला नाही,
आणि मोठ्या हौसेने त्याला पुढे आणलं,
अगदी माझ्या टेबलासमोर.
तो रडला नाही. दोन तास
पाय पोटाशी घेऊन थिजून बसला.
शेवटी लिव्हियाच म्हणाली,
"बाई, त्याचे बूट ओले असतात.
हीटर मागे आहे."

पाच किलोमीटर. बसवाला कधी थांबतो, कधी नाही.

आग्नेसाला फोन केला, चिडूनच.
म्हटलं, भलं करायला गेले तर हे असं.
ती जरा वेळ हसली. मग,
"त्याला विचारलं होतंस?"

विचारायला मला आठवडा लागला.

आता माझं टेबलच मागे आहे.
हीटरवर बूट वाळत असतात, कुणाचेही.
मिलोता दारातून डोकावते,
"वर्ग आहे की चांभाराचं दुकान?"
बसच्या ऑफिसला दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही.
धुराचा वास मला अजून येतो,
खोटं कशाला बोलू.
हात कडीकडे जातो. खिशात घालते.

काल अवयव शिकवत होते.
नाकाला बोट लावून म्हटलं,
"याला घरी काय म्हणता?"
वर्ग चिडीचूप.
घरची बोली शाळेत आणायची नाही
हा नियम माझाच होता.
देझिदेरने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि पुटपुटला: नाख.

आणि हे?
कान.
हे?
दांद.
मग जीभ लांब काढून, तिच्यावर बोट ठेवून,
धड उच्चारता येईना म्हणून हसत: छीब.
मग थांबेचना. बाटली उचलून, पानी.
हीटरला हात लावून, झटकन काढून घेत, तातो.
मागून दोघं-तिघं ओरडली, बाई, मी सांगते, मी!

मी फळ्यावर लिहीत गेले,
चुकत, पुसत, पुन्हा विचारत.
एकही शब्द माझ्या ओळखीचा नव्हता.
कुठून, किती लांबून
चालत आले असतील हे,
ओल्या पायांनी.