दोन काटकोन

महिन्यातल्या तिसऱ्या गुरुवारी, चियातुरात,
बंद पडलेल्या खाणकामगार वाचनालयाच्या माडीवर
आम्ही सहाजण जमतो.
त्सियालाबाई आधी शेगडीला शिव्या घालतात,
मग ती पेटते,
मग चष्मा पुसून म्हणतात, "हं. मांडा."

मांडायचे म्हणजे टेबलावर, उताणे, नाव न सांगता.
कुणाचा कुठला ते कागदाच्या कडांवरूनही कळतं आम्हाला,
पण कळलं नाही असं दाखवायचं, हा नियम.
दुसरा नियम: ज्याचा फोटो, त्यानं तोंड उघडायचं नाही.
तिसरा नियम नाही. फक्त "छान" म्हणणाऱ्याला
पुढच्या खेपेस सरपण आणावं लागतं.

मी आईचा आणला होता.
खिडकीशी बसून अक्रोड फोडतेय,
ओच्यात टरफलं, डाव्या गालावर नोव्हेंबरचं ऊन,
उजवीकडे रिकामी खुर्ची.
अख्खा रोल संपवला होता त्या उन्हापायी.

ओतियाचं औषधांचं दुकान, त्याला सगळं मोजून लागतं.
"खिडकी कललीय," म्हणाला, "अर्धा अंश. जास्तच असेल."
घरच कललंय, ओतिया. खाली खाण पोखरलीय.
पण मी गप्प.

नुत्सा एकोणीस वर्षांची, टेबलावर जवळजवळ आडवी.
"फोटो काढणाऱ्याला हिची भीती वाटते का?
मग इतक्या लांबून का?"

त्यावर त्सियालाबाईंनी पर्समधून काढले
काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन,
आणि चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या हातांनी
फोटोवर ठेवून सरकवत आणले.
पडदा गेला. भिंत गेली. निम्मं ऊन गेलं.
आणखी एक बोट आत,
खुर्ची गेली.

"आता बघा."

आता उरले नुसते हात आणि चेहरा,
हातोडी वर, अक्रोड अजून अखंड,
दातांखाली दाबलेला ओठ.
सगळे "हं" म्हणाले.
मीसुद्धा म्हणालो असतो,
फक्त त्या खुर्चीत मार्चपर्यंत एक माणूस होता
आणि जायला त्यानं
एका बोटापेक्षा पुष्कळ जास्त वेळ घेतला होता.

"खुर्ची कशाला होती?" बाईंनी विचारलं,
मला नव्हे, फोटोला.
फोटोला सांगता येईना.
मी सांगितलं असतं तर सगळ्यांना आवंढा आला असता,
पण तो माझ्या सांगण्याचा.
कागदावर होती एक खुर्ची. लाकडी. जरा अंधारात.

मुर्मान केबलकार चालवायचा, दोन महिन्यांतून एकदा बोलतो.
तो बोलला:
"नुसती रिकामी खुर्ची पाहिली की वाटतं,
पाहुणा यायचाय."

उतारावर घरी जाताना त्याचा राग राग केला.
पुलापर्यंत. पुलानंतर तो बरोबर वाटायला लागला,
म्हणून पुन्हा राग.

आई जागी होती. "काय म्हणाली तुझी मंडळी?"
"लांबून काढलास म्हणाली."
"मग जवळ ये की."
आणि तिनं पायानं ती खुर्ची ढकलली
माझ्याकडे.
"बस. तिथे उभा राहिलास की चोर आल्यासारखं वाटतं मला."

बसलो.
मार्चनंतर पहिल्यांदाच कुणीतरी बसलं त्यात, ती करकरली.
डावा हात पडतो तिथे लाकूड गुळगुळीत झालेलं होतं.
इथून आई वेगळीच दिसते.
बरीच लहान. आणि कान, पंचेचाळीस वर्षं त्यांना
सगळ्यात जवळ दिसला असेल तो तिचा कान.
ती अक्रोड फोडत राहिली, बल्बच्या उजेडात.
मी एकच काढला.

पुढच्या गुरुवारी तो मांडेन.
खुर्ची त्यात नाही.
ओतिया म्हणेल, फोकस कानावर गेलाय, डोळे मऊ पडलेत,
शिवाय हात हललाय काढणाऱ्याचा.
हललाय.
मी तोंड उघडायचं नाही.
सरपण मात्र या खेपेस आपणहून घेऊन जाणार आहे,
थोडं जास्तच.