तासभर ऊन

मार्च अखेरीला आभाळ भरून आलं
आणि शेडला ताडपत्री अपुरी पडली,
तेव्हा हे माळ्यावर चढले
आणि मस्कतचा तंबू खाली ढकलला.

सात वर्षं बांधलेलाच होता.
दोरीची गाठ सन्मतीची, आठवीत असतानाची,
मला दातांनी सोडवावी लागली.
बेदाण्याच्या जाळ्यांवर झटकला,
तर शिवणीतून ओंजळभर वाळू पडली.
तांबूस. मैद्यासारखी.
आपल्या अग्रणीची असते तशी चरचरीत नव्हे.
शेजारचा भूपाल म्हणाला,
काकी, लोक तिकडनं सोनं आणत्यात.

गुरुवारी दुपारी निघायचो आम्ही.
बिदियाच्या पुढे डांबर संपलं
की हे उतरून चारी चाकांची हवा काढत.
काटा पंधरावर आला की म्हणत, बास.
फुगलेलं चाक वाळूत रुततं,
मऊ पडलेलं तरून जातं.
हे कळल्यावर मी सासूबाईंशी
फोनवर बोलायची पद्धतही जरा बदलली.

चढताना गाडी नाक आभाळात खुपसायची,
पलीकडे उतार आहे की कडा, दिसायचं नाही.
अभिनंदन आरोळ्या ठोकायचा,
मी णमोकार धरायची,
सन्मती पिशवीत ओकायची.
यातलं काहीच सावळजला कळवायचं नाही, असं ठरलेलं.

एकदा पार आसापर्यंत रुतलो.
सालेम बिन हमूद नावाच्या म्हाताऱ्यानं
दोर लावून ओढून काढलं. पैसे घेईना.
मग मी घरचा बेदाणा दिला, पावशेर असेल.
एक दाणा त्यानं तोंडात घोळवला, म्हणाला, झबीब,
आणि बाकीचे तळहातावर धरून
उंटिणीला चारले, एकेक.
आमच्या मालाला तेवढं शांतपणे
कुणी खाल्लेलं मी नंतर पाहिलं नाही.

पण खरी धांदल जेवणाची.
दिवस बुडायच्या आत हात धुवायचे,
हा यांनी वडलांना दिलेला शब्द, निघताना, मिरज स्टेशनवर.
आणि पोरं तर वाळूवरून घसरण्यात दंग.
मी चपात्या, शेंगदाण्याची चटणी उघडेपर्यंत
खालच्या खळग्यात सावली भरलेली.
मग हे डबा काखेत मारून पळत सुटत
चढणीला, अनवाणी,
दोन पावलं वर, एक खाली,
"या, या लवकर! वर अजून दिवस आहे!"
आणि खरंच असायचा.
त्या धारेवर चौघं ओळीनं बसून
गबागबा जेवायचो,
घासात वाळू, डोळ्यांत वाळू,
समोर हातभर उरलेलं ऊन.
एकदाच पुरलं नाही.
माझी अर्धी चपाती राहिली, ती मी डब्यात ठेवली.
यांची संपत आली होती,
तरी यांनीही शेवटचा घास परत ठेवला.
त्यावर आम्ही कधी काही बोललो नाही.

पाऊस काही आला नाही.
चार थेंब टाकून आभाळ जतकडं सरकलं.
पंधरा दिवसांनी तासगावच्या सौद्यात
व्यापाऱ्यानं दाणा चावला, थांबला,
जिभेवरून काहीतरी बोटावर घेतलं.
"खर लागतीय नेमगोंडा. कुठली माती ही?"
हे काही बोलले नाहीत.
किलोमागं तीन रुपये कापले,
तेही मुकाट्यानं कापू दिले.
येताना गाडीत मात्र
मला त्यांच्या दाताखालचा आवाज ऐकू येत होता,
खिशातले दाणे काढून काढून खात होते.

घरी पोचलो, जेवलो, दिवस मावळला.
मी ताटं विसळत होते तेव्हा
सोहारहून अभिनंदनचा फोन.
जेवलास का रे?
"आत्ता कुठं, आई? इथं अजून तासभर ऊन आहे."

मी बाहेर पाहिलं.
हे शेडच्या शिडीवर, चौथ्या पायरीवर,
एका हातानं खांब धरून उभे,
जाळी तपासत असल्यासारखे.
जाळी दुसऱ्या बाजूला होती.