अस्मारा, उताराआधी

मसावाचा रस्ता खाली धुक्यात उतरतो.
झेरई म्हणतो, थांब.
पुढचं चाक उचलून
वरून एक थाप मारतो:
ढिलं असेल तर आत्ताच निसटू दे,
इथं, माझ्या पायावर.

मग नखानं आरे छेडत जातो,
टिंग, टिंग, टिंग,
बद्द.
त्या एकाला पाव फेरा. पावच.
जास्त पिळलं की रिम रुसते.

लेतेशीला घाई आहे, शर्यत सातला.

नट आवळताना त्याचे ओठही आवळतात,
एकदा या बाजूनं, एकदा त्या,
पुन्हा या.
त्याच्यामागे भिंतीवर
आठाच्या आकड्यासारखं वाकलेलं चाक टांगलंय.
त्याबद्दल गल्लीत कुणी विचारत नाही.

"ब्रेक?"
ती दाबून दाखवते.
"पुन्हा दाब."